पुलाखालचे आकाश: हिरोशिगेच्या ‘कामेइदो तेन्जिन’ छापचित्राचा प्रकरण अभ्यास

एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्हींत वरच्या कडेपासून लोंबणारे फुलांचे घोस आहेत. खाली तळे, तळ्यावर गोल पाठीचा लाकडी पूल आणि पलीकडच्या काठावर मांडवाखाली निवांत बसलेली माणसे. रेषा त्याच, आकार तोच, चित्रकाराची सही तीच. फरक एवढाच, की एका प्रतीत पुलाच्या कमानीखालची जागा पाण्याच्या गडद निळ्याने भरली आहे आणि दुसरीत तिथे आकाशाचा रंग आहे.

यातली बरोबर कोणती? आणि बरोबर असलेली प्रत चांगली असेलच का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना जपानी लाकडी ठशांचे चित्र कसे वाचायचे ते बऱ्यापैकी उलगडते, म्हणून हे प्रकरण निवडले आहे.

चित्र आहे उतागावा हिरोशिगे (1797–1858) यांच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ या मालिकेतले, ‘कामेइदो तेन्जिन देवस्थानाचे आवार’. एदो म्हणजे आजचे टोकियो. मालिका 1856 मध्ये सुरू झाली. प्रकाशक होता एदोच्या शिताया भागातला उओया एइकिची. नाव शंभरचे असले तरी हिरोशिगेची चित्रे 118 झाली. त्याच्या मृत्यूनंतर शिष्य दुसरा हिरोशिगे याने एका चित्राची भर घातली आणि अनुक्रमणिकेचे पान धरून संच 120 पानांचा झाला. प्रत्येक चित्र उभ्या ‘ओबान’ आकाराचे, म्हणजे साधारण 36 × 24 सेंटिमीटरचे. आपले चित्र 1856 च्या सातव्या महिन्यातले आहे. ऋतूंनुसार लावलेल्या संचात ते 65 वे येते.

जागा कोणती, वेळ कोणती

कामेइदो तेन्जिन हे सुगावारा नो मिचिझाने (845–903) याचे देवस्थान. हा विद्वान कवी दरबारी कारस्थानामुळे दूर क्यूशू बेटावरच्या दाझाइफूला हद्दपार झाला आणि मृत्यूनंतर विद्येचा देव मानला गेला. आजही परीक्षेआधी मुले इथे येतात. सतराव्या शतकात एदोत हे देवस्थान उभे राहिले ते दाझाइफूच्या देवळाच्या नमुन्यावर. तळे, तळ्यावर दोन कमानदार पूल आणि त्यांच्यामध्ये एक सपाट पूल अशी रचना. तीन पूल म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य, असा अर्थ सांगतात. कमानदार पुलाला जपानीत ‘ताइकोबाशी’, ढोलाचा पूल, म्हणतात. पुलाची कमान आणि पाण्यातले तिचे प्रतिबिंब मिळून ढोलासारखा पूर्ण गोल होतो, म्हणून हे नाव. आज तिथे दिसणारे पूल नंतर बांधलेले आहेत. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुने आवार जळून गेले.

फुले आहेत ‘फुजी’ची, म्हणजे विस्टेरियाची. हा वेल आपल्याकडे फारसा दिसत नाही. त्यामुळे मराठी वाचकाने डोळ्यासमोर बहाव्याचे घोस आणावेत. रंग पिवळ्याऐवजी जांभळा करावा आणि झाडाऐवजी द्राक्षाच्या मांडवासारखा लाकडी मांडव कल्पावा. मांडवावर वेल पसरतो आणि घोस खाली सुटतात. बहर एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीला येतो, म्हणजे आपला बहावा फुलतो तेव्हाच.

इथे तारीख लक्षात घ्यावी. जुन्या चांद्र पंचांगाचा सातवा महिना म्हणजे साधारण ऑगस्ट. चित्र बाजारात आले तेव्हा बहर केव्हाच संपलेला होता. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात, 1855 साली, एदोला मोठा भूकंप झाला होता. म्हणजे 1856 चा बहर हा भूकंपानंतरचा पहिला. ज्यांनी हे चित्र विकत घेतले त्यांनी मोडलेल्या आणि पुन्हा उभ्या राहणाऱ्या शहरात काही महिन्यांपूर्वी सरलेला वसंत घरी नेला. त्या काळी असे चित्र साधारण वाडगाभर सोबा-शेवयांच्या किमतीत मिळे. ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी केलेले नव्हते.

नजर कुठून कुठे जाते

चित्रातली शांतता फार हिशोबाने रचलेली आहे. ती कशी आली ते समजायचे असेल तर चित्र एकदम न पाहता थरांनी पाहावे.

पहिला थर घोसांचा. ते इतके जवळ आहेत की पाहणारा मांडवाखालीच उभा आहे. घोस वरच्या कडेने कापले गेल्यामुळे मांडव आपल्या डोक्यावरून मागे गेला असावा असे वाटते. निसर्गदृश्ये सहसा आडव्या कागदावर काढत. हिरोशिगेने या मालिकेत उभा कागद घेतला आणि जवळची एखादी वस्तू मोठी करून तिच्याआडून दूरचे दाखवले. हीच मालिकेची सर्वांत ओळखीची युक्ती.

दुसरा थर पुलाचा. चित्रात लोंबत्या उभ्या रेषा पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या विरुद्ध जाणारा पुलाचा वाक हा एकच मोठा आकार. डोळा घोसांवरून खाली घसरतो आणि पूल त्याला पुन्हा वर उचलतो. पुलावरची माणसे अगदी लहान आहेत. त्यांच्यामुळे जवळच्या घोसाचा आणि दूरच्या पुलाचा आकार एकमेकांशी ताडता येतो.

तिसरा थर पलीकडच्या काठाचा. तिथेही मांडव आणि बाकांवर बसलेली माणसे. आपण या काठाच्या मांडवातून त्या काठाच्या मांडवाकडे पाहतो आहोत आणि तेही बहुधा आपल्याकडे. मध्ये पाणी, जवळजवळ रिकामे. ही रिकामी जागाच चित्राला श्वास देते. त्यामुळे ती कोणत्या रंगाची आणि किती सपाट छापली गेली यावर सगळे अवलंबून आहे.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात, तळ्याकाठी उभे राहिलेल्यांना अशी रचना अनोळखी वाटणार नाही. मात्र ते ज्या ओकायामाच्या कोराकुएनवर बेतले आहे, ती 1700 साली पूर्ण झालेली सरदारी बाग. तिच्यात चालत चालत दृश्ये बदलत जावीत अशी योजना असते. कामेइदो हे देवळाचे आवार, सर्वांना खुले. हिरोशिगेने तिथला चालण्याचा अनुभव काढून टाकून पाहणाऱ्याला एका जागी थांबवले.

निळा कुठे चुकला

आता कमानीखालच्या जागेकडे. पूल उंच आहे आणि आपली नजर खाली, पाण्याच्या काठाशी आहे. कमानीतून आरपार पाहिले तर खाली पाणी, मग पलीकडचा काठ आणि काठाच्या वर आकाश दिसायला हवे. पुलाच्या वर जो रंग, तोच कमानीच्या आत काठावरच्या भागात हवा. सुरुवातीच्या छपाईत तिथे पाण्याचा गडद निळा आला आहे. परिणाम विचित्र होतो. पाणी काठाच्याही वर चढल्यासारखे दिसते, किंवा पुलाखाली निळा पडदा टांगल्यासारखे. नंतरच्या छपाईत ही जागा आकाशाच्या रंगात दुरुस्त केली गेली.

इतक्या कसलेल्या मंडळींकडून ही चूक कशी झाली असेल? चित्र कसे तयार होते हे पाहिल्यावर ती अगदी समजण्यासारखी वाटते.

चित्रकार पातळ कागदावर फक्त काळ्या रेषांचे रेखाटन देतो. कोरणारा तो कागद रानचेरीच्या सपाट फळीवर उलटा चिकटवतो आणि कागदासकट कोरतो. मूळ रेखाटन तिथेच संपते. तयार होतो तो रेषांचा मुख्य ठोकळा. त्यावरून फक्त काळ्या रेषांच्या काही प्रती काढतात आणि चित्रकार प्रत्येक रंगासाठी एकेका प्रतीवर कोणता भाग कुठल्या रंगाचा ते खूण करून सांगतो. त्या खुणांवरून रंगांचे ठोकळे कोरले जातात. फळी महाग, म्हणून बहुतेक वेळा दोन्ही बाजू वापरतात. एका बाजूवर एकमेकांपासून दूर असलेले दोन रंगही बसवतात.

कमानीखालचा भाग हे चारी बाजूंनी पुलाच्या रेषांनी बंद झालेले बेट आहे. वरच्या आकाशाशी ते कुठेही जोडलेले नाही, आणि खाली लगेच पाणी आहे. खुणांच्या कागदावर ते बेट चुकून पाण्याच्या रंगात गेले असेल, तर कोरणाऱ्याने ते पाण्याच्या ठोकळ्यावर उभे ठेवले असेल आणि दुरुस्तीसाठी तिथले लाकूड काढून आकाशाच्या ठोकळ्यात भर घालावी लागली असेल. दुसरी शक्यता अशी, की कोरीव काम बरोबर होते, पण छापणाऱ्याने त्या बेटावर ब्रशने निळाच फिरवला. मग दुरुस्ती म्हणजे पुढच्या वेळी ब्रश वेगळ्या रंगात बुडवणे. चूक कोणत्याही टप्प्यावर झाली असो, ती झाली कारण हिरोशिगे स्वतः रंग लावत नव्हता. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक असे चौघे मिळून हे चित्र करतात. सही मात्र एकाचीच राहते.

पाणी छापणे

रिकामे पाणी छापणे हे या चित्रातले सर्वांत अवघड काम असावे. निळा आहे ‘बेरो-आइ’, बर्लिनचा निळा. हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला आणि 1830 च्या आसपास जपानी छापचित्रांत सर्रास वापरला जाऊ लागला. त्याआधीचा निळा फुलांपासून किंवा निळीपासून यायचा. फुलांचा निळा पाण्याने आणि उजेडाने लवकर उडे. नव्या निळ्यात गडद ते फिका असा प्रवास एका ओढीत करता येऊ लागला आणि हिरोशिगेच्या सगळ्या पाण्या-आकाशांना त्याने वेगळा जीव दिला.

रंगाच्या विरत जाण्याला ‘बोकाशी’ म्हणतात. ती कोरलेली नसते. छापणारा ठोकळ्याचा तो भाग ओल्या फडक्याने भिजवतो, ब्रशच्या एकाच बाजूला रंग घेतो आणि कडेला समांतर फिरवतो. कोरड्या बाजूला रंग दाट राहतो, ओल्या बाजूला विरघळत जातो. वर कागद ठेवून बांबूच्या सालीच्या दोराने भरलेली गोल चकती, ‘बारेन’, दाबून घासतात. पुढच्या कागदासाठी सगळे पहिल्यापासून. त्यामुळे कोणत्याही दोन प्रतींतली बोकाशी अगदी सारखी नसते, आणि घाईची छपाई इथेच पहिल्यांदा उघडी पडते. घाईत रंगाचा पट्टा एकाएकी थांबतो, विरत नाही.

कागद एचिझेनचा ‘होशो’, कोझो झुडपाच्या सालीच्या धाग्यांचा. त्याला सरस आणि तुरटीचा हात देतात, नाही तर रंग पसरतो. छापताना कागद दमट असावा लागतो. सगळे रंग जागच्या जागी बसावेत म्हणून प्रत्येक ठोकळ्यावर ‘केन्तो’ कोरलेले असते, कोपऱ्यात काटकोनी खाच आणि कडेला सरळ खाच. कागद नेहमी या दोन खाचांना टेकवायचा. पण कागद वाळला तर आकसतो आणि दहाव्या-पंधराव्या रंगापर्यंत घोसाची फुले रेषेबाहेर मिलिमीटरभर सरकतात. म्हणून छापणारा कागदांची चळत ओल्या कागदांत गुंडाळून ठेवतो आणि दिवसभर ओलावा सांभाळतो.

चांगली प्रत कशी ओळखावी

आता दुसरा प्रश्न. दुरुस्त कमानीची प्रत चित्रकाराच्या योजनेला धरून आहे, पण ती नंतरची आहे. तेवढ्यात ठोकळा झिजलेला असू शकतो. निळ्या कमानीची प्रत चुकीची, पण तिची रेषा ताजी असू शकते. कमानीकडे पाहून फक्त प्रत कोणत्या काळाच्या जवळची असेल त्याचा अंदाज येतो. गुणवत्ता ठरवायला बाकीचे पाहावे लागते.

सर्वांत आधी बाहेरची चौकट तपासावी. ठोकळ्याच्या कडेची ही रेषा आधार नसल्यामुळे लवकर तुटते, विशेषतः कोपऱ्यांत. मग पुलाच्या कठड्याच्या बारीक रेषा आणि दूरची माणसे पाहावीत. ताज्या ठोकळ्यावर त्या केसासारख्या आणि सलग असतात. झिजल्यावर आधी जाडावतात आणि मग तुटतात. शीर्षकाच्या चौकटींकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण त्या मोठा पुरावा आहेत. या मालिकेतल्या सुरुवातीच्या अनेक प्रतींत त्या दोन-तीन विरत्या रंगांत छापल्या आहेत. पुढे खर्च वाचवायला तिथे एकच सपाट रंग येतो. पाण्यातली आणि आकाशातली बोकाशी आहे का, असेल तर मऊ आहे का, हे शेवटी.

समासही महत्त्वाचा. सरकारी तपासनीसाचा ‘अरातामे’ शिक्का, तारखेचा शिक्का आणि प्रकाशकाचा शिक्का या मालिकेत बहुधा समासात असतात. आपल्या चित्राच्या तारखेच्या शिक्क्यात ‘ड्रॅगन’ वर्ष आणि ‘सात’ अशी चिन्हे अपेक्षित आहेत, कारण वर्षांना बारा प्राण्यांची नावे देणाऱ्या जुन्या कालगणनेत 1856 हे ड्रॅगनचे वर्ष. पण जुन्या मालकांनी चित्रे वहीत चिकटवताना समास कापले, आणि त्यांच्याबरोबर हा पुरावाही गेला. समास नसणे म्हणजे बनावट असणे असा निष्कर्ष काढू नये.

तुलनेसाठी अमेरिकेतल्या ब्रुकलिन म्युझियमचा संपूर्ण संच, आणि बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाच्या प्रती मोठ्या आकारात पडद्यावर पाहता येतात. एका प्रतीवर भरवसा ठेवू नये. तीन-चार प्रती उघडाव्यात आणि एकच जागा, समजा डावीकडचा एकच घोस, प्रत्येकीत पाहावी.

घोसांच्या रंगाबाबत एक सूचना. छापचित्रांतला जांभळा बहुधा लाल आणि निळा मिसळून केलेला असतो. लाल करडईच्या फुलांपासून काढलेला असेल तर उजेडाने तो आधी जातो आणि निळा मागे राहतो. एखाद्या प्रतीत फुले राखी-निळी दिसली तर चित्रकाराने तशीच योजली होती असे समजू नये. आधी घडीच्या आत किंवा माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड पाहावी. तिथे मूळ रंग टिकलेला असू शकतो.

नव्याने कोरलेली आणि छापखान्यातली प्रत

हे चित्र आज ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांच्याकडे बहुधा मूळ प्रत नसते. त्यात कमीपणा नाही, फक्त काय आहे ते माहीत असावे. टोकियोतल्या अदाची संस्थेसारख्या ठिकाणी जुन्याच पद्धतीने चेरीच्या फळीवर नव्याने कोरून हाताने छापलेल्या प्रती करतात आणि तशाच नावाने विकतात. मूळ प्रत कपाटात ठेवून अशी प्रत भिंतीवर लावणे हे आमच्या मते सर्वांत शहाणपणाचे.

यंत्रावरची ऑफसेट प्रत ओळखायला दहापट भिंग पुरते. तिच्यात रंग ठिपक्यांच्या जाळीने बनलेला दिसतो. हाताच्या छपाईत रंग कागदाच्या धाग्यांत सलग मुरलेला दिसतो. मग कागद उलटा करावा. हाताने छापलेल्या चित्राच्या पाठीवर बारेनच्या वळणदार खुणा आणि आरपार आलेले रंग दिसतात. पाठ कोरी आणि गुळगुळीत असेल तर शंका घ्यावी. पण नव्याने कोरलेल्या प्रतीच्या पाठीवरही या खुणा असतातच. त्यामुळे पाठीवरून ‘हाताने छापले’ एवढेच सिद्ध होते, ‘1856 चे’ हे नाही. ते ठरवायला कागदाचे वय, रेषेची झीज आणि निळ्याचा स्वभाव एकत्र पाहावा लागतो.

मुंबई-कोकणातल्या घरात

समुद्रकाठच्या घरात पावसाळा हा या चित्रांचा मोठा शत्रू. हवेतला ओलावा 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते. सरसाचा हात असलेला कागद तिला आणि कसरीला आवडतो. तांबूस ठिपके दिसू लागले की घरी पुसायला जाऊ नये. करडईचा लाल पाण्याने वाहतो आणि बेरो-आइ अल्कलीयुक्त साबणाने तपकिरी होतो. कागद-संवर्धकालाच दाखवावे.

फ्रेम करताना चित्र काचेला टेकू नये. मध्ये आम्लमुक्त माउंट असावा, चित्र वरच्या दोन कोपऱ्यांवर जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगलेले असावे. सेलोटेप आणि फेव्हिकॉल कधीच नको. डाग आणि गोंद काढताना रंगही निघतो. उजेडाबाबत संग्रहालये 50 लक्सच्या आसपासची मर्यादा पाळतात आणि एकेक चित्र काही महिनेच टांगतात. घरी खिडकीसमोरची भिंत टाळावी, उन्हाळ्यात लावावे आणि पावसाळ्याआधी काढून कोरड्या खोक्यात आडवे ठेवावे.

दोन प्रतींकडे परत येऊ. दुरुस्त प्रतीत कमान मोकळी आहे, आकाश पुलाखालून आरपार जाते आणि पूल हलका होतो. हिरोशिगेला असेच हवे असणार, आणि फक्त चित्र पाहायचे असेल तर आम्ही तिच्यासमोर बसू. पण तिची चौकट कोपऱ्यात तुटलेली असेल, पाण्याची बोकाशी अर्ध्यातच थांबली असेल आणि शीर्षकाच्या चौकटी सपाट असतील, तर आमचे मत निळ्या कमानीच्या प्रतीकडे झुकेल. तिच्यात पाणी चुकीच्या जागी चढले आहे, पण घोसाची प्रत्येक पाकळी कोरणाऱ्याच्या हातून निघाली तशीच आहे.